यकृताच्या पेशीचा मांडव : कातड्यापासून कोळंबीच्या टरफलापर्यंत

गडमुडशिंगी (ता. करवीर) : कातडी, हाडे आणि मासळी यांचा धंदा आपल्या समाजातील अनेक घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. या धंद्यातल्या उरल्यासुरल्या मालाला बाजारात फारसा मान नाही. हाडे टनावर जातात आणि कोळंबीची टरफले बहुतेक वेळा फेकूनच दिली जातात. मात्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत याच मालातून काढलेल्या काही पदार्थांना एक निराळे गिऱ्हाईक मिळाले आहे. माणसाच्या शरीराबाहेर यकृताच्या पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळा हे ते गिऱ्हाईक होय. पेशी ज्या पदार्थावर बसवावी त्याप्रमाणे तिचे वागणे बदलते, आणि म्हणूनच या पदार्थांना किंमत आली आहे. हे कसे घडते आणि त्यात आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी काय लक्षात घ्यावे, याची माहिती या लेखात देत आहोत.

विषय वरकरणी डॉक्टर लोकांचा वाटेल. परंतु गडमुडशिंगीच्या पट्ट्यातील माणसाला तो समजण्यास अवघड जाऊ नये. गावात गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना आहे, जवळच गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे ओतकाम चालते आणि कोल्हापूरचे कमावलेले कातडे तर जगाला ठाऊक आहे. दूध, ओतकाम आणि कातडे या तिन्ही कामांतली समज या विषयात उपयोगी पडते, हे पुढे दिसून येईल.

पेशी आपले काम विसरते

मटणाच्या दुकानात आपण ज्याला कलेजी म्हणतो तेच यकृत. मोठ्या माणसाच्या यकृताचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरते. रक्तातले विष निकामी करणे, पित्त तयार करणे, साखर साठवणे, रक्त गोठण्यासाठी लागणारे पदार्थ बनवणे आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिन रक्तात सोडणे ही त्याची मुख्य कामे. आपण घेतो त्या बहुतेक गोळ्यांची मोडतोडही यकृतातच होते. म्हणून एखादे औषध माणसाला बाधेल की नाही, हे यकृताच्या पेशींवर तपासून पाहता आले तर मोठी सोय होते.

१९६९ साली बेरी आणि फ्रेंड या शास्त्रज्ञांनी उंदराच्या यकृतातून जिवंत पेशी मोठ्या संख्येने सुट्या करण्याची रीत प्रसिद्ध केली. पेशींना बांधून ठेवणारा जो चिवट पदार्थ असतो तो एका विकराने विरघळवला की पेशी मोकळ्या होतात. त्या प्लास्टिकच्या बशीत, पोषक द्रवात ठेवल्या तर जगतात. अडचण पुढेच येते. यकृतात गोलसर-चौकोनी असलेली पेशी बशीच्या तळाला चिकटून पोळीसारखी पसरते. थोड्याच दिवसांत ती अल्ब्युमिन बनवणे कमी करते आणि औषधांची मोडतोड करणारी तिची विकरे ओसरू लागतात. पेशी मेलेली नसते, पण यकृताची पेशी म्हणून तिचा उपयोग उरत नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर पेशीच्या आजूबाजूला शोधावे लागले. शरीरात पेशी मोकळी तरंगत नसते. तिच्या खाली, वर आणि बाजूला तंतूंची एक जाळी असते. त्या जाळीला धरूनच तिला आपण कुठे आहोत आणि काय करायचे आहे याचा इशारा मिळतो. पेशी काढताना आपण नेमकी तीच जाळी विरघळवतो. मग ती पुन्हा बांधून दिल्याशिवाय पेशी कामाला लागावी तरी कशी?

मांडव आणि सेंटरिंग

अशा बांधून दिलेल्या जाळीला स्कॅफोल्ड म्हणतात. तासगावकडच्या द्राक्षबागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी वेलीखालचा मांडव डोळ्यांपुढे आणावा. वेल तीच, पण मांडव नसेल तर ती जमिनीवर लोळते आणि फळ धरत नाही. बांधकामातल्या कारागिरांना सेंटरिंगचा दाखला जवळचा वाटेल. स्लॅब भक्कम होईपर्यंत सेंटरिंग त्याला तोलते आणि काम झाले की ते काढून घेतात. शरीरात बसवायचा स्कॅफोल्डही पेशींनी स्वतःची जाळी विणेपर्यंत टिकावा आणि नंतर हळूहळू विरघळून जावा, अशी अपेक्षा असते.

यकृताच्या पेशीसाठी मांडव निवडताना चार गोष्टी पाहतात. पदार्थाला पेशी चिकटते का, तो किती कडक आहे, त्याची छिद्रे केवढी आहेत आणि तो किती दिवसांत विरघळतो. या चारांपैकी एक जरी बदलली तरी पेशीचे वागणे बदलते.

कातड्यातला कोलॅजन

शरीरातली जी जाळी वर सांगितली तिचा मोठा भाग कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा असतो. कातडे, हाड आणि स्नायूंचे कंडरे यांतही मुख्यतः तेच असते. कातडे कमावणारा माणूस आयुष्यभर कोलॅजनवरच काम करत असतो. चुन्यात भिजवून केस आणि वरचा थर काढला की जे उरते ते बहुतांशी कोलॅजनच. कोल्हापुरी चपलेसाठी कातड्याची पिशवी शिवून तीत हिरडा आणि बाभळीच्या सालीचे पाणी भरून टांगण्याची जुनी रीत आहे. त्या पाण्यातला तुरट अंश कोलॅजनच्या तंतूंना एकमेकांशी जखडतो, म्हणून कातडे कुजत नाही. अशा दबागतीचे महत्त्व आपल्याकडे फिकहच्या पुस्तकांतही सांगितलेले आहे.

कोलॅजनची घडण उलगडण्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली असे मांडले की तीन धागे एकत्र पिळून कोलॅजनचा दोर बनतो. त्याच शहरात १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे. तिने कातड्याबरोबर कोलॅजनवरही काम केले आणि जखमेवर लावायची कोलॅजनची पट्टी तयार केली.

यकृताच्या पेशींच्या बाबतीत कोलॅजनचा प्रभाव १९८९ साली ठळकपणे दिसला. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डन, यार्मुश आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतपेशी कोलॅजनच्या एका थरावर पसरल्या आणि त्यांच्यावर कोलॅजनचा दुसरा थर घातला. पावाच्या दोन कापांमध्ये सारण ठेवावे तशी ही मांडणी होती. एकाच थरावरच्या पेशींचे अल्ब्युमिन एक-दोन आठवड्यांत आटले. दोन थरांमधल्या पेशी सुमारे सहा आठवडे अल्ब्युमिन बनवत राहिल्या. पदार्थ दोन्हीकडे एकच होता. फरक एवढाच की यकृतात पेशीला दोन्ही बाजूंनी आधार असतो, तसा तो तिला इथे मिळाला.

कोलॅजन उकळून मोडले की जिलेटिन मिळते. जिलेटिन स्वस्त असते, पेशी त्याला चिकटतात, मात्र अंगाच्या उष्णतेला ते पाघळते. म्हणून त्याचे तंतूही जखडावे लागतात. कातड्याच्या धंद्यात वापरतात ते ग्लुटराल्डिहाइड प्रयोगशाळेतही वापरतात, परंतु त्याचा अंश राहिला तर पेशी मरतात. म्हणून ते अनेक वेळा धुऊन काढतात, किंवा गार्डेनियाच्या फळापासून मिळणारे सौम्य जेनिपिन वापरतात. क्रोमने कमावलेल्या कातड्याचे तुकडे मात्र या कामाला चालत नाहीत. गिऱ्हाइकाला लागते ते कच्चे, न कमावलेले आणि न नासलेले कातडे.

कडकपणाची गोष्ट

ज्यांच्या घरात यकृताचा रुग्ण आहे त्यांनी फायब्रोस्कॅन हा शब्द ऐकला असेल. हे यंत्र यकृत किती कडक झाले आहे ते किलोपास्कल या मापात सांगते. निरोगी यकृताचा आकडा साधारण ७ च्या खाली असतो. तो साडेबाराच्या वर गेला की डॉक्टरांना सिरोसिसची शंका येते. आता प्लास्टिकच्या बशीचा कडकपणा याच मापात मोजला तर तो ३० लाखांच्या आसपास जातो. म्हणजे मऊ गादीवर वाढलेल्या पेशीला आपण फरशीवर आणून टाकतो.

पेशीला हा फरक जाणवतो. ती आपल्या पायाखालचा पदार्थ ओढून पाहते. पदार्थ हलला नाही तर ती ताणली जाते, पसरते आणि यकृताची कामे बाजूला ठेवते. पदार्थ मऊ असेल तर ती गोलसर राहते, शेजारच्या पेशींना बिलगते आणि अल्ब्युमिन बनवत राहते. म्हणून त्याच कोलॅजनचा पातळ लेप कडक प्लास्टिकवर दिला तर एक परिणाम होतो आणि त्याच कोलॅजनची मऊ जेली केली तर दुसरा. माल एकच असला तरी तो कसा घडवला यावर काम ठरते. हे चपलेच्या तळाचे आणि पट्ट्याचे कातडे वेगवेगळे कमावणाऱ्या कारागिराला सांगायला नको.

छिद्रे आणि ओतकामाचा कोअर

यकृताची पेशी साधारण २० ते ३० मायक्रोमीटर रुंद असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शरीरात प्रत्येक पेशीच्या अगदी जवळून रक्त वाहते. स्कॅफोल्डमध्ये रक्तवाहिन्या नसतात, आणि प्राणवायू पेशींच्या थरातून फार तर १०० ते २०० मायक्रोमीटर आत पोहोचतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. त्यामुळे स्कॅफोल्ड स्पंजासारखा छिद्रांचा लागतो आणि ती छिद्रे एकमेकांना जोडलेली लागतात.

अशी छिद्रे पाडण्याची रीत ओतकामासारखीच आहे. ओतकामात पोकळी हवी तिथे वाळूचा कोअर ठेवतात आणि लोखंड थंड झाल्यावर तो फोडून काढतात. इथे कोलॅजन किंवा कायटोसानचे द्रावण गोठवतात. पाण्याचे बर्फाचे खडे होतात आणि पदार्थ त्या खड्यांच्या भोवती दाबला जातो. मग निर्वातात तो बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो आणि त्याच्या जागी छिद्रे उरतात. हळू गोठवले तर खडे मोठे होतात, झटपट गोठवले तर बारीक. छिद्र फार लहान पडले तर पेशी आत शिरत नाहीत. फार मोठे पडले तर त्या भिंतीला चिकटून एकट्या पडतात. शंभर मायक्रोमीटरच्या आसपासच्या छिद्रांत त्यांचे गोळे जमतात, आणि अशा गोळ्यात पेशीला पेशीचा शेजार मिळून त्या जास्त दिवस काम करतात.

पवईचा प्रयोग

आपल्या महाराष्ट्रात या विषयावर झालेले एक काम लक्षात ठेवण्यासारखे आहे. पवईच्या आय.आय.टी. मुंबईत रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक जयेश बेल्लारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली कृत्रिम यकृतासाठी पोकळ तंतू तयार केल्याचे प्रसिद्ध केले. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे रक्त डायलिसिसच्या यंत्रात ज्या बारीक पोकळ तंतूंमधून फिरवतात, त्याच जातीचे हे तंतू. कल्पना अशी की तंतूच्या आतून रुग्णाचे रक्त जावे, बाहेरच्या बाजूला यकृताच्या पेशी बसाव्यात आणि त्यांनी रक्तातले विष काढून घ्यावे.

हे तंतू पॉलिसल्फोन नावाच्या प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक मजबूत असले तरी पेशीला धरायला त्यावर काहीच नसते. म्हणून त्याला कायटोसानची जोड दिली. एकाच तंतूला दोन कामे करायची होती. आतली बाजू रक्ताला मानवली पाहिजे आणि बाहेरची पेशीला. कायटोसानच्या पृष्ठभागावर पेशी अधिक चांगल्या चिकटल्या आणि वाढल्या. या प्रयोगात हेप-जी-२ नावाच्या पेशी वापरल्या होत्या. त्या यकृताच्या गाठीतून काढलेल्या असून प्रयोगशाळेत सहज वाढतात. मात्र औषधे मोडण्याची त्यांची ताकद खऱ्या यकृतपेशीपेक्षा बरीच कमी असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

कायटोसान येते कोळंबी आणि खेकड्याच्या टरफलातून. आम्लाने टरफलातला चुना काढतात, सौम्य क्षाराने प्रथिन काढतात आणि उरलेल्या कायटिनवर तीव्र क्षाराची प्रक्रिया करून कायटोसान बनवतात. ते शिरक्यासारख्या सौम्य आम्लात विरघळते. त्याच्या अंगावर धन विद्युतभार असतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर ऋण भार, म्हणून पेशी त्याकडे ओढल्या जातात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या टाकाऊ मालापासून हे पदार्थ बनवण्याच्या रीती विकसित केल्या आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांत आपले कितीतरी बांधव मासळीच्या धंद्यात आहेत. ज्या टरफलाच्या दुर्गंधीची तक्रार होते त्यात हा माल दडलेला आहे.

समुद्री शेवाळ, दूध आणि रेशीम

कापड छपाईशी संबंध असलेल्यांना सोडियम अल्जिनेट ठाऊक असेल. रंग दाट करण्यासाठी वापरतात तो हा पदार्थ तपकिरी समुद्री शेवाळापासून निघतो. त्याचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडले की बुंदी पडावी तसे मऊ गोळे तयार होतात. द्रावणात यकृतपेशी मिसळल्या असतील तर त्या गोळ्यात बंद होतात. अल्जिनेटला पेशी चिकटत नाही. त्यामुळे इथे पेशी पदार्थाला सोडून एकमेकींना धरतात, आणि हा दोषच उपयोगी पडतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये डॉ. अनिल धवन आणि सहकाऱ्यांनी यकृत अचानक निकामी झालेल्या आठ मुलांच्या पोटात अशा गोळ्यांमधून मानवी यकृतपेशी सोडल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार त्यांपैकी चौघांना यकृतरोपण करावे लागले नाही. गोळ्याच्या भिंतीमुळे शरीराची संरक्षक यंत्रणा पेशींपर्यंत पोहोचत नाही आणि पोषण मात्र आत-बाहेर होत राहते.

दुधाचा संबंध साखरेपुरता आहे. दुधातल्या साखरेचा अर्धा भाग गॅलॅक्टोज असतो. यकृतपेशीच्या अंगावर गॅलॅक्टोजला ओळखून धरणारी एक खास खूण असते. जपानमध्ये अकाइके आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दुधाची साखर जोडलेले प्लास्टिक तयार केले. त्याला यकृतपेशी नेमक्या चिकटल्या. पुढे कायटोसान आणि अल्जिनेटलाही गॅलॅक्टोज जोडण्यात आले. साध्या पदार्थाला अशी एक कडी लावली की तो खास यकृताचा माल बनतो आणि त्याची किंमतही बदलते.

रेशमाचेही तसेच. तुतीच्या रेशमात पेशीला धरण्याची खूण कमी असते, टसर आणि मुगा या रानरेशमांच्या प्रथिनात ती निसर्गतःच असते. आय.आय.टी. गुवाहाटीमध्ये तुतीचे आणि मुग्याचे रेशीम मिसळून केलेल्या जाळीवर यकृतपेशींचे कार्यक्षम गोळे वाढवल्याचे काम २०१८ साली प्रसिद्ध झाले. टसरचे कोष आपल्या विदर्भात गडचिरोली आणि भंडाऱ्याकडे निघतात.

याचा उपयोग कोठवर आला आहे

कारखान्यात तयार झालेले यकृत माणसाला बसवता येते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. तशी वेळ अजून आलेली नाही. पोकळ तंतूंमध्ये यकृतपेशी भरून केलेले एक यंत्र अमेरिकेत मोठ्या चाचणीपर्यंत गेले होते. २०१८ साली त्याचा निकाल आला आणि रुग्णांचे आयुष्य त्याने वाढल्याचे दिसले नाही. स्टेम सेलच्या नावाने यकृत बरे करून देण्याच्या जाहिरातींपासूनही सावध राहावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार काही रक्तविकारांसारख्या आजारांसाठी होणारे अस्थिमज्जेच्या पेशींचे रोपण सोडले, तर असे उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नाहीत.

खरी मागणी सध्या औषधांच्या तपासणीत आहे. मधुमेहावरचे ट्रोग्लिटाझोन हे औषध अमेरिकेत १९९७ मध्ये बाजारात आले आणि यकृत बिघडत असल्याने २००० साली काढून घ्यावे लागले. क्षयरोगाच्या गोळ्यांनी काही रुग्णांना कावीळ होते हे तर आपल्या मोहल्ल्यांतही पाहायला मिळते. असा धोका आधीच कळावा यासाठी चांगल्या मांडवावर वाढवलेल्या मानवी यकृतपेशी लागतात. सलमान खेतानी आणि संगीता भाटिया यांनी २००८ साली कोलॅजनच्या बारीक ठिपक्यांवर मानवी यकृतपेशी बसवून, भोवती दुसऱ्या जातीच्या पेशी ठेवून, त्या कित्येक आठवडे कामात ठेवून दाखवल्या. भारत सरकारने मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांऐवजी अशा पेशींवरच्या चाचण्यांनाही वाव दिला. म्हणजे या कामाला लागणाऱ्या कोलॅजन, जिलेटिन, कायटोसान आणि अल्जिनेट यांची गरज देशातच वाढणार आहे.

आपल्या व्यापाऱ्यांनी काय लक्षात घ्यावे

पहिली गोष्ट भावाची. खाण्याचे जिलेटिन किलोवर विकले जाते, तर पेशींसाठीचे शुद्ध कोलॅजन मिलिग्रॅमच्या बाटलीत. हा फरक पाहून कोणी हुरळून जाऊ नये. तो फरक कातड्याच्या भावात पडत नाही. माल शुद्ध करणे, जंतूंचे विष काढणे, प्रत्येक घाण्याची तपासणी करणे आणि तिचे कागद ठेवणे यांची ती किंमत आहे. दोन घाण्यांत किंचित फरक पडला तरी पेशी वेगळ्या वागतात, हे आपण वर पाहिले. म्हणून गिऱ्हाईक दरवेळी अगदी तोच माल मागते. लहान व्यापाऱ्याने एकदम शेवटच्या पायरीवर उडी घेण्यापेक्षा स्वच्छ, ताजा आणि नोंद ठेवलेला कच्चा माल पुरवण्यापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरजवळ बामणी येथे हाडांपासून ओसीन, म्हणजे जिलेटिनचा कच्चा माल, बनवण्याचा कारखाना उभा राहिला तो अशाच पुरवठ्याच्या भरवशावर.

दुसरी गोष्ट नोंदीची. जनावर कोणते, कोठे जबह झाले, त्याची पशुवैद्यकीय तपासणी झाली का आणि कातडे किती वेळात मिठात घातले, हे लिहून ठेवावे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचा आणि शेळी-मेंढीचा माल त्यात येत नाही. कत्तलखान्याची पावती जवळ असेल तर रस्त्यात होणाऱ्या त्रासापासून बचाव होतो, आणि तीच पावती प्रयोगशाळेच्या गिऱ्हाइकाला मालाचे मूळ सांगते. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० मध्ये भारताला वेड्या गाईच्या रोगाचा धोका नगण्य असलेल्या देशांत धरले. परदेशी गिऱ्हाइकाशी बोलताना ही आपल्या मालाची जमेची बाजू आहे.

तिसरी गोष्ट हलालची. जगात जिलेटिन आणि कोलॅजनचा बराच माल डुकरापासून बनतो. इस्लामी फिकह अकादमीने १९८६ साली अम्मान येथील बैठकीत डुकराचे जिलेटिन खाण्याच्या पदार्थांत वापरणे नाजायज ठरवले. त्याचबरोबर पदार्थाचे मूळ रूप पूर्ण पालटले तर त्याचा हुकूमही पालटतो, असे १९९५ मध्ये कुवेतच्या वैद्यकीय परिषदेत काही उलेमांनी मांडले. उपचाराच्या बाबतीत कोणता मसला लागू होतो ते आपापल्या मुफ्तींना विचारावे. व्यापाऱ्याचे काम इतके की मालाचे मूळ खरे सांगावे आणि दोन माल एकत्र करू नयेत. जबह केलेल्या म्हशीचे, बकऱ्याचे किंवा मासळीचे कोलॅजन, त्याच्या मुळाच्या कागदांसह, मुस्लिम देशांतल्या गिऱ्हाइकांना हवेच असते. आपल्याकडे जे सहज आहे ते इतरांना मुद्दाम करावे लागते.

चौथी गोष्ट चौकशीची. कोल्हापुरात कसबा बावडा येथील डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात स्टेम सेल आणि पुनरुत्पादक वैद्यकाचा विभाग आहे, शिवाजी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान आणि जीवरसायनशास्त्राचे विभाग आहेत. ज्यांची मुले विज्ञान शिकत आहेत त्यांनी हे विभाग अवश्य पाहावेत. कातड्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाला कोलॅजन म्हणजे काय हे पुस्तकाआधी हाताला माहीत असते. रसायनशास्त्राची पदवी त्याला जोडली गेली तर वडिलांचा धंदा न सोडता तो पुढच्या पायरीवर नेता येईल.

यकृताची पेशी मालाचा खरेपणा बोलून दाखवत नाही. कोलॅजन नासलेले असेल, कायटोसानमध्ये क्षार राहिला असेल किंवा जिलेटिनमध्ये भेसळ असेल, तर ती थोड्याच दिवसांत काम थांबवते. तिच्यावर तपासलेले औषध पुढे आपल्याच घरातल्या माणसाच्या पोटात जाणार आहे. तेव्हा मापात आणि मालात अमानत सांभाळण्याची आपल्याला जी शिकवण आहे, ती या नव्या बाजारात सर्वांत आधी कामाला येणार आहे.